घोळ: एकाच पानात दोन इंजिनं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर ज्यांना नावं पुन्हा नीट बघायची आहेत त्यांच्यासाठीही. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आज हेडफोन लावून चालायला निघाला असाल तर एक काम करा. अधूनमधून खाली बघा. फुटपाथच्या कडेला, पेव्हर ब्लॉकच्या फटीत, कुंडीच्या मातीत. आजचा भाग जमिनीला चिकटून वाढणाऱ्या एका वनस्पतीबद्दल आहे. तुम्ही ती हजार वेळा पाहिली असेल आणि तिच्यावर पाय देऊन पुढे गेला असाल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

जूनमधली गोष्ट. दोन पाऊस पडून गेले होते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला लालसर देठांचं काहीतरी हिरवंगार पसरलेलं दिसलं. मला एकदम लहानपणी मंगळवेढ्याला आजीकडे खाल्लेली घोळीची भाजी आठवली. पिशवीभर खुडून आणली आणि मोठ्या तोऱ्यात आजीला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, "आजी, बघ, पुण्यात घोळ मिळाली!"

आजीने चष्मा सारखा केला. म्हणाली, "एक काडी मोड बघू."

मोडली.

"दूध आलं का?"

आलं की! पांढरं, चिकट.

"मग ती घोळ नाही बाळा. टाक ती. आणि आधी हात धू, नाहीतर तसाच डोळ्याला लावशील."

पिशवीत निम्मी घोळ होती आणि निम्मी दुधी. दुधी भोपळ्याची नव्हे, जमिनीवर पसरणारी रानदुधी. तिचा चीक त्वचेला, डोळ्यांना त्रास देतो, पोटात गेला तरी त्रासच. म्हणजे मी त्या संध्याकाळी घरातल्या चार माणसांना चीक असलेली भाजी वाढणार होते. घोळ आणायला गेले आणि घोळ घालून बसले!

फोन ठेवता ठेवता आजी सहज बोलून गेली, "पाऊस ओढला की मका दुपारी माना टाकतो. बांधावरची घोळ मात्र टवटवीत. तिला कोण पाणी घालतं गं?"

तो प्रश्न डोक्यात बसला. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं पडलेला होता आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग अगदी अलीकडे, २०२२ मध्ये हाती लागला. आज तेच उत्तर समजून घेऊ.

आधी ओळख: बाजारातली, रानातली आणि बाल्कनीतली

घोळीचं शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरॅसिया. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं. त्यातला 'ओलेरॅसिया' म्हणजे भाजीचा, भाजी म्हणून खाल्ला जाणारा. 'पोर्टुलाका' या शब्दाची गंमत थोड्या वेळाने सांगते.

वनस्पतिशास्त्रात जवळच्या भावंडांच्या गटाला प्रजाती म्हणतात आणि त्यातल्या एकेका भावंडाला जाती. पोर्टुलाका ही प्रजाती. तिच्यात जगभरात शंभराहून जास्त जाती आहेत. आपल्या रोजच्या बघण्यातल्या तीन.

पहिली घोळ. जाडसर, गुळगुळीत, चमच्यासारखी पानं. देठ गोल, रसदार, बहुतेक वेळा लालसर. इवलीशी पिवळी फुलं. हिंदीत हिला कुल्फा म्हणतात, गुजरातीत लूणी. तेलुगू घरांत गंगवायल कूर घातलेलं वरण होतं. तुर्कस्तानात हीच भाजी दह्यात कालवतात आणि मेक्सिकोत डुकराच्या मटणाबरोबर शिजवतात. म्हणजे आपण 'रानभाजी' म्हणतो ती अर्ध्या जगाच्या ताटात आहे.

दुसरी चिवळ, म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. मागे वर्ध्याच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती, "ताई, उन्हाळ्यात आमच्याकडं चिवळीच्या भाजीशिवाय जमतच नाही, तिच्यावर बोला ना." घ्या, बोलतेय! चिवळ घोळीपेक्षा नाजूक. पानं बारीक आणि समोरासमोर जोडीने येणारी. प्रत्येक पेरापाशी पांढऱ्या केसांचा झुपका. फुलाला चार पाकळ्या. नावातल्या 'क्वाड्रि'चा अर्थ चार. जमिनीवर सरपटते आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरते.

आणि तिसरी? ऑफिस टाइम! हो, आजीच्या खिडकीत, शाळेच्या बागेत, डब्यात, बादलीत, फुटक्या मगमध्ये लावलेली ती गुलाबी, केशरी, पिवळी फुलं. सकाळी ऑफिसच्या वेळेला उघडतात आणि दुपार कलली की मिटतात. काही जण चिनी गुलाब म्हणतात, पण हिचा ना चीनशी संबंध ना गुलाबाशी. ही पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळची दक्षिण अमेरिकेतली: अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील. म्हणजे बाल्कनीत आपण जिला हौसेने खत घालतो आणि शेतात जिला खुरप्याने उपटतो, त्या दोघी सख्ख्या बहिणी.

आपल्या देशात या कुटुंबाच्या अजूनही नव्या जाती सापडतायत. कर्नाटकातल्या बदामीच्या परिसरातून एका ठेंगण्या जातीची नोंद झाली, तिला नावच बदामीका दिलं. आंध्रात पूर्व घाटातूनही एक नवी जाती नोंदवली गेली. या झाडांकडे कोणी वाकून बघत नाही म्हणून ती इतकी वर्षं राहून गेली असावीत, असं मला वाटतं.

जवळचं नातं कोणाशी असेल? कॅक्टसशी. आपल्या फड्या निवडुंगाचं कुटुंब आणि घोळीचं कुटुंब ही चुलत भावंडं. पाणी साठवायची सवय दोघांच्या घरातलीच.

पान, फूल आणि झाकणाची डबी

आता एक झाड हातात घ्या. नसेल तर डोळ्यांसमोर आणा.

पान दाबलं तर पाणी येतं. अशा वनस्पतींना मांसल किंवा सक्युलंट म्हणतात. वाढते ती आडवी, जमिनीलगत. मधल्या मुळापासून चहूबाजूंना फांद्या जातात, ताटलीसारखी गोल पसरते.

फूल उघडतं ते ऊन आल्यावर, आणि तेही काही तासच. ढगाळ दिवशी काही वेळा उघडतच नाही. ऑफिस टाइमचं फूल उघडलेलं असताना मधल्या पुंकेसरांना काडीने हलकेच एका बाजूने स्पर्श करा आणि थांबून बघा. ते हलतात! लाजाळूची पानं हलतात, तशी ही फुलाच्या आतली हालचाल. मधमाशी आत फिरली की पुंकेसर सरकतात आणि तिच्या अंगाला पराग लागण्याची शक्यता वाढते.

फूल मिटल्यावर पाकळ्या वाळून गळत नाहीत, त्या विरघळल्यासारख्या होतात. संध्याकाळी मिटलेलं फूल चिमटीत धरलं तर बोटांना रंगीत ओल लागते.

हा रंगही साधा नाही. बहुतेक फुलांचे लाल, जांभळे, निळे रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचे असतात. पोर्टुलाकाचे रंग बिटालेन गटातले, म्हणजे बिटाचे, लाल माठाचे, बोगनवेलीचे, ड्रॅगन फ्रूटचे. आणि निसर्गात ही दोन्ही रंगद्रव्यं एकाच वनस्पतीत एकत्र सापडलेली नाहीत. घरी करून बघा: गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. ऑफिस टाइमच्या गुलाबी पाकळ्यांच्या पाण्यात पिळा, गुलाबीच राहतं. वनस्पती बिटालेन कसं बनवते हे शोधताना त्यातलं एक महत्त्वाचं जनुक २००४ मध्ये पहिल्यांदा याच ऑफिस टाइममधून वेगळं काढलं गेलं. बादलीत लावलेलं झाड, पण प्रयोगशाळेत मान मोठा.

आणि आता ते नाव. फूल गेलं की तिथे छोटीशी बोंडी तयार होते. पिकली की तिच्या कमरेभोवती गोल चीर जाते आणि वरचा भाग टोपीसारखा निघतो. कुंकवाच्या डबीचं झाकण उघडावं तसा. आत काळ्या चकचकीत बिया, मोहरीपेक्षाही लहान. लॅटिनमध्ये 'पोर्टुला' म्हणजे छोटं दार. या झाकणावरूनच पोर्टुलाका हे नाव आलं असं मानतात.

पानाची अडचण: तोंड उघडलं की पाणी जातं

चला, आता आजीच्या प्रश्नाकडे. हा भाग थोडा सावकाश घेऊ. चालत असाल तर चाल कमी करा.

झाड अन्न बनवतं त्यासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानावर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. अडचण अशी की छिद्र उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पानातलं पाणी बाहेर जातं. उन्हाळ्यात दुपारी दार उघडं ठेवून एसी लावल्यासारखं. दार लावलं तर उपाशी, उघडलं तर तहानलेलं.

दुसरी अडचण कामगाराची. कार्बन डायऑक्साइड पकडणारं मुख्य विकर म्हणजे रुबिस्को. गहू, भात, हरभरा, तूर, कापूस, सगळ्यांच्या पानांत तेच राबतं. पण त्याला एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते कधीकधी ऑक्सिजनच पकडून बसतं. मग ती चूक निस्तरायला झाडाची ऊर्जा वाया जाते. उष्णता वाढली की या चुका वाढतात.

यावर वनस्पतींनी दोन वेगवेगळे उपाय काढले.

पहिला उपाय मका, ऊस, ज्वारी, बाजरी यांचा. याला सी-फोर म्हणतात. पानात दोन खोल्या आहेत असं समजा, बाहेरची आणि आतली. बाहेरच्या खोलीत एक दुसरंच विकर बसलेलं असतं. त्याला ऑक्सिजनची भुरळ पडत नाही, ते फक्त कार्बन पकडतं. पकडलेला कार्बन चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात आतल्या खोलीत पोचवला जातो, म्हणून नाव सी-फोर. आतली खोली म्हणजे पानाच्या शिरांभोवतीच्या पेशी. रुबिस्को तिथे बसलेलं. तिथे कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की ऑक्सिजन पकडायची चूक फारशी होत नाही. म्हणून भर उन्हात ऊस, मका झपाट्याने वाढतात. पण लक्षात घ्या, हे काम दिवसा चालतं. दार दिवसाच उघडावं लागतं.

दुसरा उपाय कॅक्टस, अननस, घायपात यांचा. त्याला कॅम म्हणतात. ही रात्रपाळी. रंध्रं रात्री उघडायची, हवा गार असते म्हणून पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला कार्बन आम्लाच्या रूपात पेशीत साठवून ठेवायचा. सकाळी दारं बंद. मग दिवसभर ऊन वापरून तो साठा वापरायचा. पाणी वाचतं, पण वाढ सावकाश.

या रात्रपाळीचा एक जुना सुगावा आपल्याच देशात लागला होता, आणि तो जिभेने! बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. त्यांनी बागेतल्या पानफुटीची पानं चघळून बघितली. सकाळी पान आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जरा कडवट. हे निरीक्षण त्यांनी पत्राने लंडनला कळवलं आणि १८१५ च्या सुमारास ते लिनियन सोसायटीपर्यंत पोचलं. कारण कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली. पण सकाळचा तो आंबटपणा म्हणजे रात्री साठवलेलं आम्लच होतं.

घोळीने काय केलं?

आता नीट ऐका. घोळ सी-फोर आहे, मक्यासारखी. पाणी मिळत असेल तेव्हा ती दिवसपाळीत भरभर वाढते. म्हणूनच दोन पावसांत अंगण भरून टाकते. पण पाणी तुटलं की काही दिवसांत ती रात्रपाळीही सुरू करते. म्हणजे सी-फोर आणि कॅम दोन्ही. हे १९८० च्या सुमारासच नोंदलं गेलं होतं.

तरी शास्त्रज्ञांना ते पटायला जड जात होतं. का? कारण दोन्ही पद्धतींत कार्बन पकडणारं विकर एकाच प्रकारचं, पण वेळापत्रक उलटं. सी-फोरमध्ये ते दिवसा जागं हवं, कॅममध्ये रात्री. एकाच कामगाराला एकाच दिवशी दोन पाळ्या लावल्यासारखं. मग निदान खोल्या तरी वेगळ्या असतील, पानाच्या एका भागात हे आणि दुसऱ्या भागात ते, असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात शोधनिबंध छापला. त्यांनी घोळीच्या पानात कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणती जनुकं चालू आहेत याचा नकाशाच काढला. दिसलं असं की दोन्ही कामं त्याच पेशींत चालतात. बाहेरच्या खोलीत रात्री आम्ल साठतं. दिवसा तोच साठा मोकळा होतो आणि मक्यासारख्याच वाटेने आतल्या खोलीत, रुबिस्कोकडे जातो. म्हणजे दोन वेगळे कारखाने नाहीतच. रात्रपाळीचा माल दिवसपाळीच्याच पट्ट्यावर चढवला जातो.

वनस्पतींच्या इतिहासात सी-फोर साठाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे निर्माण झालंय. कॅमही अनेकदा. पण दोन्ही एकाच झाडात असणाऱ्या वनस्पती अगदी थोड्या, आणि त्यातली सगळ्यात चांगली अभ्यासलेली आपली घोळ.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. मक्याकडे एकच इंजिन आहे, दिवसाचं. पाणी संपलं की तो दारं लावून घेतो, माना टाकतो आणि थांबतो. घोळीकडे पानात, देठात पाण्याची टाकी आहे आणि वर दुसरं इंजिन. दारं जवळजवळ बंद ठेवून ती रात्री स्वतःच्याच श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइडसुद्धा पकडून ठेवते आणि दिवसा वापरते. तिला कोणी पाणी घालत नाही आजी, ती आहे तेवढ्यात भागवते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर मीही रील बनवणाऱ्यांसारखीच बोलून जाईन. दुष्काळात घोळ जोमाने वाढते असं नाही. दुसरं इंजिन लहान आहे. त्यावर ती तग धरते, वाट बघते. पाऊस आला की काही दिवसांत पुन्हा पूर्ण दिवसपाळीवर जाते. तिची खरी ताकद या बदलण्यात आहे.

ही चव तुम्हीही घेऊ शकता. घरच्या कुंडीत घोळ लावा. चारपाच दिवस पाणी तोडा. मग एक पान पहाटे खा आणि एक दुपारी चारला. पहाटेचं जास्त आंबट लागेल. हाइनसाहेबांचाच प्रयोग, तुमच्या बाल्कनीत.

याचा शेतकऱ्याला काय उपयोग?

मक्याला असं दुसरं इंजिन बसवता येईल का? संशोधक याच आशेने घोळीकडे बघतायत. मका आधीच सी-फोर आहे आणि घोळ दाखवते की त्याच पेशींत रात्रपाळी बसू शकते. पण एकदोन जनुकं टाकून हे होणार नाही. वेळापत्रक, पाणी साठवणारी जाड पानं, सगळंच बदलावं लागेल. उद्या, परवा बियाणं दुकानात येईल असं समजू नका. आत्ता हाती आहे तो रस्त्याचा नकाशा.

शेतकऱ्याच्या रानात आज मात्र घोळ म्हणजे तण. आणि तेही चिवट. खुरपून बांधावर टाकली तरी अंगातल्या पाण्यावर जगते, सर आली की मोडलेली फांदीही मूळ धरते. उपटल्यानंतर पडल्या पडल्या बिया पिकवते. मोठ्या झाडाला दोन लाखांहून जास्त बिया मोजल्या गेल्यात. म्हणून जुनी माणसं सांगतात, फुलावर यायच्या आधी काढा आणि काढलेली रानाबाहेर न्या.

बिया किती टिकतात? १८७९ मध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी अमेरिकेत मिशिगनला तणांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढून कोणतं बी उगवतं हे बघायचं. तो प्रयोग अजून चालू आहे, शेवटची बाटली २१०० मध्ये निघणार! त्यात घोळीचं बी ४० वर्षांनंतरही उगवलं. म्हणजे तुमच्या आजोबांनी खुरपलेल्या घोळीचं बी तुमच्या काळात उगवू शकतं.

खायची की नाही?

आता तुमच्या फोनवर येणारे रील्स. 'माशाला विसरा, घोळ खा, ओमेगा-३ मिळवा!' यात खरं किती?

घोळीच्या पानांत ओमेगा-३ आहे हे खरं. १९८६ मध्येच एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि पालेभाज्यांमध्ये तिचा नंबर वरचा. पण ते आहे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे जवसात असतं ते. माशातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं. जवसाच्या प्रकारातून माशाचा प्रकार आपलं शरीर फार थोडा बनवतं. म्हणून घोळ चांगली भाजी आहे एवढं म्हणा, औषध म्हणू नका.

दुसरी बाजू ऑक्झलेटची. घोळीत ते भरपूर असतं, पालकासारखं. ज्यांना मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, आणि रोज कच्चा रस पिण्याच्या भानगडीत तर कोणीच पडू नये. आपल्या आज्या घोळ ताकातली, दह्यातली करतात ना, ते बरोबरच आहे. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं, मग ते कमी शोषलं जातं. हे प्रयोगशाळेत मोजून बघितलेलं आहे.

तिसरी गोष्ट जागेची. घोळ जमिनीतले जड धातूही ओढून घेते. म्हणून नाल्याकाठची, गॅरेजजवळची, रस्त्याकडेची, पार्किंगमधली खुडू नका. हो, माझ्यासारखी! तणनाशक मारलेल्या रानातली तर नकोच. बाजारातून मुळासकट जुडी आणा, पानं खा आणि देठ कुंडीत खोचा. आठवड्याभरात फुटेल.

ओळखायची कशी?

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. काडी मोडा. पांढरा चीक आला तर टाका, विषय संपला. घोळीतून नितळ पाणी येतं.
२. पान दुमडा. घोळीचं पान जाड असतं, कटकन मोडतं. रानदुधीचं पातळ.
३. देठ बघा. घोळीचा गुळगुळीत, रसदार. केसाळ, वायरीसारखा असेल तर ती घोळ नाही.
४. फूल बघा. घोळीचं पिवळं. तशीच मांसल दिसणारी पण गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची आणि जोडीतलं एक पान मोठं, एक लहान असणारी ट्रायन्थेमा नावाची वेगळी वनस्पती असते, हिंदीत विषखपरा. ती खुडू नका.
५. बोंडी बघा. झाकण निघणारी डबी हवी.
६. तरीही शंका असेल तर मोबाइल अ‍ॅपच्या भरवशावर खाऊ नका. ओळखणाऱ्या माणसाला दाखवा.

सहावा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. माझ्या फोनमध्ये झाड ओळखायचं अ‍ॅप होतं. त्या दिवशी मी पिशवीतल्या एका फांदीचा फोटो काढला, अ‍ॅपने घोळ सांगितलं, आणि ते बरोबरही होतं. ती फांदी घोळीचीच होती. बाजूची नव्हती. आजीने झाडाचं नाव विचारलंच नाही, काडी मोडायला लावली. तिला हे तिच्या सासूने शेतात शिकवलेलं. शाळेत ती चौथीपर्यंत गेली, सी-फोर, कॅम हे शब्द तिने कधी ऐकले नाहीत. पण मका आणि घोळ शेजारी ठेवून बरोबर प्रश्न विचारायचं तिला जमलं.

मागच्या रविवारी तिला फोन करून हे सगळं उत्तर सांगितलं. दोन पाळ्या, रात्रीचं आम्ल, येल विद्यापीठ, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "म्हणून आम्ही घोळ सकाळी खुडत नव्हतो. आंबट व्हायची भाजी. तुमच्या सायबांना विचारायचं ना मला."

यावर मी काय बोलणार!

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा की तुमच्या गावाकडे घोळीला, चिवळीला काय म्हणतात, आणि ती कशी ओळखायची. उत्तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि पाठवली नाहीत तरी रेकॉर्ड करून स्वतःजवळ नक्की ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर चालताना खाली बघत चला!